तिसऱ्या मॅपची उधारी

ताई, नमस्कार. मला धाकटा भाऊ समजून लिहा, झापलंत तरी चालेल. वय २६. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाव कराडजवळ. डिप्लोमाला असताना कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तेव्हापासून नावी ही माझी टीम. आता खेळणं कमी, मॅच बघणं जास्त. गेले पाच महिने त्यावर बेट लावतोय. पण कोण जिंकणार यावर मी कधीच लावत नाही. मॅच किती मॅप चालणार, दोनात संपणार की तिसऱ्यावर जाणार, एवढ्यावरच लावतो. दोन्ही टीम तुल्यबळ असल्या की तिसऱ्यावर. मला अजूनही हा जुगार वाटत नाही, अभ्यास वाटतो, कारण प्रत्येक बेटची नोंद एक्सेलमध्ये आहे. २१२ पैकी ११३ बरोबर आल्यात. तरी १ लाख ३८ हजार गेले. त्यातले ९० हजार बाबांनी बहिणीच्या लग्नाच्या हॉलसाठी माझ्या खात्यात ठेवायला दिले होते. २६ हजार लोन ॲपचे. २२ हजार बेट घेणाऱ्या एजंटची उधारी, त्याचे रोज मेसेज येतात. बाबा एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, फोनवरचं नीट दिसत नाही, म्हणून बँकेचं सगळं माझ्याकडे. हॉलवाल्याला पुढच्या महिन्यात पैसे द्यायचेत. प्रश्न तीन. निम्म्याहून जास्त बरोबर येऊनही मी हरतो कसा? एजंटला पैसे नाही दिले तर तो काय करू शकतो? आणि एक मोठी मॅच बघून, शेवटचं खेळून, रिकव्हरी करून कायमचं बंद करावं, की बाबांना सांगावं? शीट सोबत जोडली आहे.
– 'तिसरा मॅप', चाकण

भावा,

झापणार नाही. ते काम तुझी शीट माझ्यापेक्षा चांगलं करते.

मी पतपेढीत ३१ वर्षं काढली. थकीत कर्जदारांच्या वह्या बघण्यात नजर गेली, पण इतकी नेटकी वही क्वचितच हाताखालून गेली असेल. तारीख, वेळ, दोन्ही टीम, भाव, रक्कम, निकाल आणि शेवटच्या रकान्यात शेरा. जिंकलेली ओळ हिरवी, हरलेली लाल. कुठे खाडाखोड नाही, हरलेली ओळ गुपचूप उडवलेली नाही. पैसे लपवणारा माणूस सहसा स्वतःपासूनही लपवतो. तू तेवढं केलेलं नाहीस, आणि याचा तुला पुढे उपयोग आहे.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. काउंटर-स्ट्राइक हा पाचाविरुद्ध पाच असा बंदुकांचा खेळ. मॅप म्हणजे मैदान. मिराज, इन्फर्नो, न्यूक अशी सात मैदानं ठरलेली असतात. मोठ्या स्पर्धांतल्या बऱ्याचशा मॅच तीन मॅपांच्या, आणि दोन मॅप जिंकले की मॅच संपली. म्हणजे निकाल २-० तरी लागतो, नाहीतर २-१. साईटवर याला 'टोटल मॅप' म्हणतात आणि रेघ मारलेली असते अडीचवर. अडीचच्या वर, म्हणजे 'ओव्हर', तर तिसरा मॅप झाला; खाली, म्हणजे 'अंडर', तर नाही झाला. अडीच मॅप कोणी खेळत नाही. निकाल बरोबर रेघेवर पडून कोणाचे पैसे परत करायची वेळ येऊ नये, म्हणून तो अर्धा. हे सगळं मला भाच्याने दोन रविवार शेजारी बसवून शिकवलं. खेळ मला आवडला, हेही सांगून टाकते. भिंतीआडून टाकलेला धुराचा गोळा नेमका दारात जाऊन पडतो, ते बघताना मी चहा गार केला.

आता तुझा पहिला प्रश्न. तुझ्या शीटमध्ये सरासरी भाव १.८५ आहे. ५०० लावले आणि बरोबर आलं तर हातात ९२५, म्हणजे कमाई ४२५. चुकलं तर ५०० गेले. सरळ नाणेफेक असती तर ५०० ला ५०० मिळायला हवे होते. मधले ७५ साईट काढून घेते, आणि तेही जिंकणाऱ्याच्या ताटातून, म्हणून कोणाला टोचत नाही. या भावाला नुसतं बरोबरीत राहायचं तरी १०० पैकी ५४ च्या वर डाव बरोबर यायला हवेत. तुझे आले ५३. पाचवीतला मुलगा सोडवील असं हे गणित आहे, पण साईटवर ते कुठे लिहिलेलं नसतं. तिथे भाव दिसतो आणि खाली हिरवं बटण दिसतं.

पण एवढ्यानं १ लाख ३८ हजार जात नाहीत. मी तुझ्याच शीटमध्ये एक रकाना वाढवला. प्रत्येक डाव ५०० चाच खेळला असतास तर काय झालं असतं, ते काढलं. लागले १,०६,०००. परत आले १,०४,५२५. तोटा १,४७५ रुपये. पाच महिन्यांत. तुझ्या अभ्यासाची किंमत एवढीच, महिन्याला ३०० रुपयेसुद्धा नाही. उरलेले १ लाख ३६ हजार ५२५ तू अभ्यासावर घालवलेले नाहीस.

ते कुठे गेले ते बघायचं तर १४ तारखेची रात्र उघड. १०:१५ ला ५००, लाल. १२:०५ ला १,०००, लाल. २:१० ला २,०००, लाल. पहाटे ४ ला ४,०००, हिरवी. शेरा: 'फुल रिकव्हरी'. आता बेरीज कर. ४,००० वर कमाई झाली ३,४००. त्याआधी गेले होते ३,५००. त्या पहाटे तू जिंकून १०० रुपये खाली होतास आणि ओळीला हिरवा रंग देऊन सात वाजताच्या शिफ्टला गेलास. पाचवी पायरी ८,००० ची असती आणि जिंकला असतास तर ७०० खाली असतास. हरलं की दुप्पट लाव, एकदा तरी येईलच, हा जो हिशोब एजंट लोक कानात सांगतात, तो बरोबरीच्या भावात तरी कागदावर जुळतो. १.८५ मध्ये तो चौथ्या पायरीला कागदावरही जुळत नाही.

आणि मग २७-२८ चा शनिवार-रविवार. सहा ओळी, सहाही लाल. ५०० वरून १६,००० वर. ३१,५०० रुपये. त्यापुढच्या शेऱ्यात तू लिहिलंयस, 'इतकं वाईट नशीब कोणाचं नसतं'. असतं रे. २१२ डाव खेळणाऱ्याच्या वहीत असा सहाचा पट्टा कधीतरी एकदा येण्याचीच शक्यता जास्त, न येण्याची कमी. त्यात नशीब वाईट नव्हतं. तो पट्टा आला तेव्हा तू ५०० वर नव्हतास, एवढंच. शीट वेळेप्रमाणे लावून बघ: ५०० च्या वरची एकही रक्कम अशी नाही जिच्या आधीची ओळ लाल नाही. अभ्यास करून वाढवलेली एकही नाही.

आता अभ्यासाबद्दल, कारण तुझा खरा मान तिथे अडकलाय हे मला पत्रावरून कळतं. तू लिहितोस, दोन्ही टीम तुल्यबळ असल्या की ओव्हर लावतो, तिसरा मॅप होतोच. चल, मांडून बघू. दोन्ही टीम अगदी सारख्या, प्रत्येक मॅप ५०-५०, तर तिसरा मॅप होण्याची शक्यता १०० त ५०. एक टीम थोडी वरचढ, प्रत्येक मॅपला ६०-४०, तर ४८. बरीच वरचढ, ७०-३०, तर ४२. बघितलंस? कोण किती भारी आहे हे ओळखण्यात तुझी सारी हुशारी, आणि या डावात ती हुशारी दोन-आठ टक्क्यांच्या वर मोजलीच जात नाही. कोण जिंकणार यावर लावलं नाही म्हणून तू स्वतःला शहाणा समजत होतास. खरं तर तू नाणेफेकीच्या सर्वांत जवळचा डाव निवडलास.

एक गोष्ट मात्र फरक पाडते, आणि ती तुला माहीत आहे, तुझ्या शेऱ्यांत दिसते: मॅप कोणी निवडला. दोन्ही टीम आपापलं घरचं मैदान घेतात, नको ते कापतात, उरलेला तिसरा. समज, आपल्या निवडीच्या मॅपवर दोघीही १०० त ७० वेळा जिंकतात. मग तिसरा मॅप होण्याची शक्यता ५८ वर जाते. हे खरंखुरं ज्ञान आहे. पण मॅप जाहीर होताक्षणी साईटवरचा ओव्हरचा भाव १.८५ वरून १.६० वर येतो, कारण हे ज्ञान त्यांच्याकडेही आहे, पगार देऊन ठेवलेलं आहे. तू शिफ्ट करून, डबा खाऊन, फोनवर जे वाचतोस त्याचंच भावात आधी लोणचं घातलेलं असतं.

आणि 'तुल्यबळ' म्हणजे काय ते मैदानावर विचारू. २०२२ ला अँटवर्पच्या मेजरच्या, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये फेझ नावाच्या टीमने तुझ्या नावीला पहिल्या मॅपवर जादा राऊंडमध्ये (राऊंड म्हणजे मॅपमधली एक फेरी) १९-१६ ने हरवलं. याहून अटीतटीचं काय असतं? मॅच २-० ने संपली. उलट २०२४ ला कोपनहेगनची फायनल: नावी १३-९, मग फेझ १३-२, मग नावी १३-३. शेवटच्या दोन मॅपांत लढत अशी झालीच नाही, एकतर्फी धुलाई, आणि तरी तिसरा मॅप झाला. ओव्हरवाले खूश. चुरस आणि मॅपांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुझ्या शीटच्या दुसऱ्या पानावर 'ट्रेंड' नावाचा तक्ता आहे, त्यावरही बोलते, कारण तो मला फारच ओळखीचा वाटला. मेजरच्या फायनली तू ओळीने मांडल्यास. स्टॉकहोम २०२१, अँटवर्प आणि रिओ २०२२, पॅरिस २०२३: चारही २-०. मग कोपनहेगन, शांघाय, ऑस्टिन: तिन्ही २-१. पुढे तू लिहिलंस, 'आता ओव्हरचा काळ आहे'. चौथ्या २-० नंतर हाच तक्ता केला असतास तर 'अंडरचा काळ' म्हणाला असतास, आणि लगेच तीनदा आपटला असतास. मधे गेमच बदलला, १६ राऊंडला जिंकायचा मॅप २०२३ पासून १३ ला जिंकू लागले, म्हणजे तुझी अर्धी आकडेवारी वेगळ्याच खेळाची. आणि २०२५ च्या डिसेंबरात बुडापेस्टला फायनलच तीनाऐवजी पाच मॅपांची ठेवली. तुझ्या तक्त्यातली अडीचची रेघच पुसली गेली.

ओळखीचा का वाटला, ते सांगते. माझा थोरला मामा लालबागला असायचा, गिरणीत. त्याच्याकडे उभ्या रेघांची एक लांब वही होती. त्यात मटक्याचा रोजचा ओपन, क्लोज, जोडी. कुठल्या वारी कुठला आकडा जास्त येतो, पंजा आला की तिसऱ्या दिवशी काय येतं, सगळं लाल-निळ्या पेन्सिलीने. मामा अशिक्षित नव्हता, भाबडाही नव्हता. त्याची वही बघून शेजारपाजारचे आकडा विचारायला यायचे आणि तो डॉक्टरसारखा चष्मा पुसून सांगायचा. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावावर खेळला जायचा. तिकडून आकडे यायचे बंद झाले, तरी इकडे खेळ थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, मग पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्ते. कापूस गेला, आकडा राहिला. मामा दिवसाचे आठ तास कापसाच्याच धुळीत खोकायचा आणि संध्याकाळी त्या कापसाचा ज्याच्याशी काही संबंध उरलेला नाही अशा आकड्याचा अभ्यास करायचा.

तुझंही तेच झालंय, आणि हे मला पैशापेक्षा जास्त लागलं. तू पत्रात लिहितोस की कॅफेच्या दिवसांपासून नावी तुझी टीम. शीटमध्ये ओळ १६३ चा शेरा वाच: 'नावी दुसरा मॅप हरली, मस्त'. तुझ्यासाठी मॅच गेली, आकडा राहिला.

शेऱ्यांत आणखी एक गोष्ट तीन ठिकाणी आहे: '३२२'. मला वाटलं कुठला तरी भाव असेल. भाच्याने सांगितलं. २०१३ साली डोटा या दुसऱ्या ऑनलाइन खेळाच्या एका रशियन खेळाडूने आपलीच टीम हरेल यावर १०० डॉलर लावले आणि टीम हरली. पकडला गेला नसता तर त्याला ३२२ डॉलर मिळाले असते. तेव्हापासून कोणी मुद्दाम हरतोय असं वाटलं की प्रेक्षक चॅटमध्ये ३२२ लिहितात. म्हणजे तीन मॅच ठरवून खेळल्या गेल्या असा तुला स्वतःलाच संशय होता, तो तू लिहूनही ठेवलास, आणि तिन्ही वेळा पुढच्याच रात्री पुन्हा त्याच छोट्या ऑनलाइन स्पर्धांवर पैसे लावलेस! मोठ्या स्पर्धा संपल्या की रात्री दोनला ज्या टीमची नावंही कोणी ऐकलेली नसतात त्यांच्यावर. या टीमच्या पोरांना मिळणारं बक्षीस तुझ्या पगाराहूनही कमी असू शकतं. आणि 'किती मॅप' या डावासाठी कोणाला मॅच हरावीही लागत नाही. चांगल्या टीमने एक मॅप हलक्या हाताने सोडायचा, मग दोन जिंकायचे. मॅच जिंकली, बक्षीस मिळालं, इज्जत राहिली, ओव्हरही आला. बघणाऱ्याला वाटणार, आज जरा ढिले होते. २०२० मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या मॅचवर बेट लावल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या ७ खेळाडूंवर बंदी आली होती. ज्यांच्या खेळण्यावर तू अभ्यास करतोस त्यांच्यातलेच काही स्वतः बेट लावून बसलेले असू शकतात.

आता एजंट. इथे नीट वाच, घाईत वाचू नकोस.

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. तुझा 'अभ्यास' हा बचाव तिथेच संपला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, पण त्यावर तू फार विसंबू नकोस. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

राहिली २२ हजारांची उधारी. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैज लावून झालेला करार रद्दबातल, आणि त्यात जिंकलेले पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. एजंट तुझ्यावर दावा लावू शकत नाही. तो फक्त घाबरवू शकतो: घरी येतो, ऑफिसात फोन करतो, बहिणीच्या सासरी सांगतो. त्याचे सगळे मेसेज जपून ठेव, स्क्रीनशॉट बहिणीच्या नाहीतर विश्वासातल्या मित्राच्या फोनवर पाठव. त्याला एकदाच लिही, 'यापुढे व्यवहार नाही, धमकी आली तर पोलिसात जाईन', आणि वाद घालू नकोस. खरंच धमकी आली तर जा. लाज वाटेल. ती वाटून घे आणि जा.

याहून मोठा धोका तुझ्या लक्षातच आलेला दिसत नाही. शीटमध्ये तू पैसे कोणाला पाठवले ते लिहिलंस. पाच महिन्यांत १९ वेगवेगळी नावं. एजंट दर आठवड्याला नवा क्यूआर पाठवतो, कारण ती खाती त्याची नसतात. कुणा गरजू पोराची, कुणा म्हातारीची भाड्याने घेतलेली असतात. त्यातलं एखादं फसवणुकीच्या तक्रारीत सापडलं की त्याच्याशी व्यवहार झालेली खातीही गोठवली जाऊ शकतात. तुझा पगार ज्या खात्यात येतो तेच हे खातं. म्हणून जिंकलेले असोत की कुठलेही, त्या माणसाकडून यापुढे एक रुपयाही खात्यात घेऊ नकोस. 'आधी साईटवरच्या आयडीतला बॅलन्स काढून घेतो' म्हणशील. सोडून दे तो.

लोन ॲपचं वेगळं. ते कर्ज आहे, पैज नाही. ॲपच्या मागे आरबीआयकडे नोंदलेली कंपनी कोण आहे ते करारात बघ. असेल तर हप्ता आधी त्याचा. नसेल आणि फोनमधल्या नंबरांवर फोन करायला लागले असतील तर आरबीआयच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार कर.

आणि ती शेवटची मोठी मॅच. १ लाख ३८ हजार एका डावात परत मिळवायचे तर १.८५ च्या भावाने १ लाख ६२ हजार लावावे लागतील. ते तुझ्याकडे नाहीत, म्हणजे ते कोणाचे तरी असणार. आई गेल्यावर बहिणीसाठी ठेवलेल्या दागिन्यांचा पत्रात तू उगाच उल्लेख केला नाहीस, मी छापताना तो गाळला, पण वाचला. आजवरच्या तुझ्या शीटप्रमाणे १०० पैकी ४७ वेळा तो डाव चुकेल. आणि बरोबर आला तर? 'कायमचं बंद' हे तू ओळ ८८ ला लिहिलंयस, ओळ १३१ ला लिहिलंयस, ओळ १९० ला लिहिलंयस. ओळ १९० तर हिरवी आहे.

मॅच बघणं सोडू नकोस, असं मी लिहिणार होते. खेळ चांगला आहे, त्याने तुझं काय वाईट केलं? पण सध्या तीन महिने लाइव्ह बघू नकोस. तुला १-१ झालेलं दिसलं की हात फोनकडे जाणार, ते आता तुझ्या हातात राहिलेलं नाही. आयडी, टेलिग्रामचे ग्रुप, सगळं काढ. पगाराच्या खात्याचं यूपीआय काही महिने बंद राहू दे. रात्री दोनला जेव्हा अंग तापल्यासारखं होतं, असं तू लिहितोस, तेव्हा १४४१६ ला फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून डॉक्टरांच्या यादीत आहे. त्यावर उपचार होतात, त्यात वेड लागल्यासारखं काही नाही.

हॉलचे ९० हजार पुढच्या महिन्यात उभे राहणार नाहीत. राहतील असं दाखवायला गेलास तर नवं कर्ज काढशील. हॉलवाला हप्त्याने घेतो का, हे विचारायला बाबा गेले तर तो ऐकेल, तू गेलास तर नाही ऐकणार. म्हणून बाबांना सांगायचं. या रविवारी. आधी बहिणीला सांग, शनिवारी, कारण पैसे तिच्या नावाने ठेवलेले होते आणि तिला बाबांच्या समोर पहिल्यांदा कळणं बरं नाही.

फोनवर दाखवू नकोस, त्यांना दिसणार नाही. आणि नुसतं तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगताना तू १ लाख ३८ चे ६० करशील. शीटची प्रिंट काढ. अक्षर मोठं ठेव, १६ चं तरी, आणि आडवा कागद घे म्हणजे रकाने तुटणार नाहीत. ज्या माणसाने सारी नोकरी रोज रात्री डेपोत बसून वेबिल आणि पैशाची पिशवी जुळवली, चार रुपये कमी भरले तर खिशातून घातले, त्याला वही कशी वाचायची ते सांगावं लागणार नाही. ते वरून खाली बोट फिरवत जातील आणि १४ तारखेच्या त्या हिरव्या ओळीवर थांबतील, बेरीज चुकली म्हणून. तेव्हा मधे बोलू नकोस.